ऑथेल्लोला नक्की काय झालं होतं: मत्सर, हेवा की संशय?

पाटीपेन्सिल
शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'मधला तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश मराठीत करतोय. सेनापती ऑथेल्लोची बायको डेस्डिमोना कॅसिओत गुंतलीय असं सांगून त्याच्या हाताखालचा इयागो त्याचे कान फुंकतो, तोच. 'जेलसी'ला सरसकट 'मत्सर' लिहिलं आणि मोठ्यानं वाचून पाहिलं. वाटलं, बायकोला पगारवाढ मिळालीय आणि नवऱ्याच्या पोटात दुखतंय! दुसरा शब्द सुचवा.

नाटकवेडी
कान बरोबर आहे तुमचा. मत्सर दुसऱ्याकडे जे आहे त्याचा. कॅसिओला बढती मिळाली आणि इयागो तसाच राहिला, तो मत्सर. ऑथेल्लोला आपल्याजवळचं माणूस हातचं गेल्याची धास्ती आहे. त्याला आपण 'संशय' म्हणतो. 'संशयी नवरा' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. गंमत म्हणजे इयागोकडे दोन्ही आहे: ऑथेल्लोनं आपल्या बायकोशी, एमिलियाशी, संग केल्याची कुजबुज त्याच्याही कानावर आहे. 'हेवा' इथे नको. "तुमच्या बागेचा हेवा वाटतो हो" हे आपण चहा पितापिता म्हणतो.

जुनी वही
आणि 'ईर्ष्या'? संस्कृतात नेमका हाच अर्थ आहे. पण मराठीत ती परीक्षेला बसली. "ईर्षेनं अभ्यास केला" म्हटलं की कौतुकच. शिवाय 'दशरूपक' या नाट्यशास्त्रावरच्या संस्कृत ग्रंथात धनंजयानं ईर्ष्येतून येणारा रुसवा, म्हणजे ईर्ष्यामान, स्त्रियांच्याच नावावर लिहून ठेवलाय: प्रियकर दुसरीत गुंतला की नायिका रुसते. मराठीत 'सवतीमत्सर' आहे, तोही बायकांचाच. पुरुषाच्या या दुखण्याला असा खास शब्द शोधून दाखवा. मला तरी सापडला नाही.

पाटीपेन्सिल
'संशय' पटला. पण इयागो 'जेलसी'ला हिरव्या डोळ्यांचा राक्षस म्हणतो, त्याचं काय करू? आपल्याकडे हिरवा चुडा, हिरवं लुगडं. फार तर 'हिरवट म्हातारा', आणि तो तर भलताच अर्थ.

नाटकवेडी
हिरवा काढून टाका. 'संशयपिशाच' ठेवा, मराठीत ते आधीच मानगुटीवर बसतं. मला जास्त अडचण 'ऑनेस्ट'ची वाटते. नाटकात इयागोला जो तो 'ऑनेस्ट इयागो' म्हणतो. पुरुषाला लावलं की प्रामाणिक, भरवशाचा. तोच शब्द डेस्डिमोनाला लावला की पतिव्रता. ऑथेल्लो एकाच दमात म्हणतो की बायको 'ऑनेस्ट' आहे असं वाटतं आणि नाही असंही वाटतं. चौथ्या अंकात तिला तशी शपथही घ्यायला लावतो. शब्द एक आणि मापं दोन, सगळा घात तिथे आहे. 'प्रामाणिक' आणि 'पतिव्रता' असे दोन शब्द वापरलेत की तो घात मराठीतून निसटला.

जुनी वही
आपल्याकडे तसा एक शब्द आहे की. 'चारित्र्य'. पुढाऱ्याचं चारित्र्य म्हणजे त्यानं पैसे खाल्ले की नाही. आणि वर्तमानपत्रात "चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून" छापून येतं, तिथे ते कोणाचं चारित्र्य आणि कसलं, हे विचारायची वेळ येत नाही. मथळाच 'ऑथेल्लो'चा पाचवा अंक आहे. फक्त 'संशयावरून' या शब्दानं दोष अलगद तिच्याकडे सरकतो. खून करणारा माणूस वाक्यात कुठेच नाही.

नाटकवेडी
वा! इयागोला 'चारित्र्यवान' म्हणवून घ्या सगळ्यांकडून. जरा पुस्तकी वाटेल, पण चालेल.

नाटककार गोविंद बल्लाळ देवलांची आठवण झाली. 1890 मध्ये त्यांनी 'ऑथेल्लो'चं 'झुंझारराव' केलं. आणि 'संशयकल्लोळ'ही त्यांचंच! त्याचं आधीचं गद्य रूप म्हणजे 'तसबिरीचा घोटाळा'. इकडे डेस्डिमोनाचा पडलेला रुमाल संशयाचा पुरावा होतो, तिकडे पडलेली तसबीर. यंत्र तेच. पण तिथे फाल्गुनरावाला बायकोचा, कृत्तिकेचा, संशय येतो, तसा कृत्तिकेलाही फाल्गुनरावाचा येतो. दोघांना संशय घ्यायची मुभा असली की प्रेक्षक हसतात. डेस्डिमोनाला शेवटपर्यंत कुणाचा संशय येत नाही, इयागोचासुद्धा नाही. रुमाल उचलून नवऱ्याला देणारी एमिलियाच शेवटी तोंड उघडते आणि त्याच्या हातून मरते.

पाटीपेन्सिल
तिचं वाक्य असं केलंय: "संशयी माणसाला कारण लागत नाही. तो संशयी असतो, म्हणून संशय घेतो." 'मत्सर' घातला असता तर वाक्य उभंच राहिलं नसतं.

एक राहिलं. ऑथेल्लो म्हणतो, कपाळ दुखतंय. इंग्रजी प्रेक्षकाला लगेच शिंगं दिसतात, कारण बायकोनं फसवलेल्या नवऱ्याला तिकडे शिंगं फुटतात. डेस्डिमोनाला बिचारीला साधी डोकेदुखी वाटते. ती रुमाल बांधायला जाते, तो ढकलतो, रुमाल पडतो. मराठीत कपाळ म्हणजे नशीब, आणि शिंगं फुटतात ती कॉलेजात गेलेल्या पोराला.

जुनी वही
'कपाळ' सोडू नका. शिंगं गेली तर जाऊ देत. "माझं कपाळ!" असं तो पुटपुटला की आपल्या प्रेक्षकाला त्याचं फुटकं नशीब कळेल आणि तिला दुखणारं डोकं. गैरसमज जिथे व्हायचा तिथेच होतोय.

पाटीपेन्सिल
"माझं कपाळ!" लिहिलं. ती विचारते, "दुखतंय का? थांबा, बांधून देते." रुमाल पडला.