मदत हवी आहे: चार घरांच्या सामाईक ड्रेनेज लाईनचा खर्च कोणी द्यायचा? (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

साखर पेठेत आमचं जुनं घर आहे. मागच्या बोळातून आमच्यासह चार घरांचं सांडपाणी एकाच लाईनने रस्त्यावरच्या मेन लाईनला जातं. आम्ही वरच्या टोकाला, रस्त्याकडचं घर एका काकांचं. लाईन सासऱ्यांच्या तरुणपणीची, मातीच्या पाईपची. आता काकांच्या मागच्या दाराशी असलेलं चेंबर खचलंय आणि त्यापुढचा पाईप फुटलाय.

एरवी पाणी कसंबसं झिरपून जातं. पण चार-पाच दिवसांनी नळाला पाणी सुटलं की सगळ्यांची धुणी एकदमच निघतात आणि बघता बघता बोळात घोट्याएवढं घाण पाणी साचतं. दुसऱ्या घराचा पिण्याच्या पाण्याचा हौद बोळाच्या भिंतीला लागून आहे आणि त्या घरात लहान बाळ आहे. मला खरी काळजी त्याची आहे.

प्लंबरने पीव्हीसी पाईप, नवीन चेंबर आणि वरचा कोबा मिळून 36 हजार सांगितले. काका म्हणतात, "पाणी तुमचं, जागा माझी. खर्च तुम्ही करा, आणि माझ्या फरशीला हात लावायचा नाही." दुसऱ्या घरचे म्हणतात, आमची माणसं तीन, तुमची आठ, मग समान वाटणी कशी? तिसऱ्या घरात भाडेकरू आहेत, मालक पुण्याला, फोन उचलत नाहीत.

काकांशी वाकडं घ्यायचं नाही. सासूबाईंना अर्ध्या रात्री दवाखान्यात त्यांनीच नेलं होतं. पण नियम काय आहे ते कळलं तर चौघांत बसून बोलता येईल. कृपया सांगा.

प्रतिसाद: ताई, काकांच्या घराचा पाईप त्याच चेंबरात पडतो की त्याच्या पुढे? आणि बोळ कागदावर कोणाचा?

धागाकर्ती: त्यांच्या न्हाणीचा पाईप त्याच चेंबरात येतो, झाकण काढून पाहिलंय. आमच्या खरेदीखताच्या चतु:सीमेत पूर्वेला 'सामाईक बोळ' लिहिलंय.

प्रतिसाद: मग काकांचा मुद्दा टिकत नाही. फुटलेल्या तुकड्यातून त्यांचंही पाणी जातं, म्हणजे खर्चात चारही घरं आली. चेंबर त्यांच्या जोडणीच्या वर खचलं असतं तर त्यांना वगळावं लागलं असतं.

समजा जागा त्यांचीच निघाली, तरी भारतीय सुविधाधिकार अधिनियम 1882 आहे. दुसऱ्याच्या जागेतून 20 वर्षं उघडपणे, विनातक्रार, हक्काने सांडपाणी नेलं असेल तर तो हक्क पक्का होऊ शकतो. कलम 24 प्रमाणे दुरुस्तीसाठी त्या जागेत जाऊन खोदता येतं, मात्र जागा पूर्ववत करून द्यायची. आणि कलम 25 प्रमाणे खर्च ज्याला हक्काचा फायदा त्याचा. म्हणून फरशी जशीच्या तशी बसवून देऊ, हे काकांना आधीच लिहून द्या. माझ्या मते त्यांचा अर्धा विरोध फरशीपायीच आहे.

माणसं मोजून वाटणी करू नका. आज तीन आहेत, उद्या सून आली की परत वाद. घरटी समान ठेवा, म्हणजे 9 हजार. सिटी सर्व्हेतून मालमत्ता पत्रकाचा उतारा मात्र काढाच, खरेदीखतावर थांबू नका.

प्रतिसाद: भाडेकरूंबद्दल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999, कलम 14: घर दुरुस्त ठेवणं मालकाचं काम. भाडेकरूंनी किमान 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी. तरी मालक हलले नाहीत तर भाडेकरू काम करून पैसे भाड्यातून वळते करू शकतात, फक्त वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. हे त्यांना दाखवा, आजच नोटीस टाकतील.

प्रतिसाद: महापालिकेच्या झोन ऑफिसला लेखी अर्ज द्या, फोटो जोडा, पोच घ्या. घरापासून मेनपर्यंतची खाजगी लाईन पालिका स्वतःच्या खर्चाने करून देत नाही, पण घाण पाणी साचतंय म्हणून पाहणी करून सगळ्या मालकांना नोटीस काढू शकते. त्यातूनही नाही जमलं तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. दावा न लावता तिथे तडजोड होते, आणि महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

पण हे सगळं होईपर्यंत त्या हौदाचं पाणी पिऊ देऊ नका. हौद उपसून धुतला तरी पाईप बदलेपर्यंत परत झिरपणारच. बाळासाठी पाणी तुमच्याकडून द्या, तेही उकळून.