स्वतः सुरात लागणारी गिटार: मोटरच्या खुंट्या ठेवू की काढू?

सहावी_तार:
सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार घेतलीय. हेडच्या मागे मोटरवाल्या खुंट्या आहेत. बटण दाबून सगळ्या मोकळ्या तारा छेडल्या की खुंट्या आपोआप फिरतात, दिवे हिरवे होतात, गिटार लागली. पण दोन गाणी होत नाहीत तोच तिसरी तार, म्हणजे जी (G) सुराची, उतरलेली असते. बँडमधले म्हणतात, काढून टाक, साध्या खुंट्या बसव. मला मात्र गाण्यांच्या मध्ये ड्रॉप डी, म्हणजे सहावी जाड तार ई वरून डी सुरावर उतरवायला हे फार सोयीचं पडतं. काय करू?

रिदमवाला:
काढ. हेड जड होतं, पट्ट्यावर लटकवली की मान खाली जाते, वर बॅटरी सांभाळत बसा. हेडला चिकटणारा, सूर दाखवणारा क्लिप ट्यूनर लाव आणि मोकळा हो.

मोकळी_तार:
घाई करू नका, आधी नट बघा, म्हणजे हेडजवळची खाचांची पट्टी जिच्यावरून तारा जातात. मोटरला एवढंच कळतं की तारेची कंपनं किती आहेत आणि किती हवीत. जी १९६ हर्ट्झला आली की ती थांबते. तार नटच्या खाचेत अडकलीय का, हे तिला कळायला मार्ग नाही. तुम्ही बेंड केलंत, म्हणजे वाजवताना बोटाने तार आडवी ओढलीत, की खुंटीकडची थोडी तार खाचेतून पुढे सरकते आणि बोट सोडल्यावर मागे जात नाही. सूर उतरला! साध्या खुंट्यांवरही हेच होणार.

तपासायला खुंटी हाताने हळूहळू फिरवा. सूर सलग चढायला हवा. मध्येच 'टिंग' वाजून सूर उडी मारत असेल तर खाच धरतेय. तार सैल करून बाजूला घ्या, खाचेत मऊ पेन्सिलचं टोक घासा, तार परत बसवा. तरीही धरली तर कारागिराकडून खाच नीट करून घ्या. स्वतः कानस लावू नका, खाच खोल गेली तर नट बदलावा लागतो.

तारा नव्या असतील तर त्या आधी ताणून घ्या. प्रत्येक तार बोटांनी हळूच वर ओढायची, सोडायची, परत सुरात लावायची, ती उतरायची थांबेपर्यंत. मोटर असली म्हणून हे काम टळत नाही.

रिदमवाल्यांचं वजनाचं म्हणणं खरं आहे. पण या खुंट्यांचं नाव खराब झालं ते वेगळ्या कारणाने, असं मला वाटतं. गिब्सनने जर्मनीच्या ट्रॉनिकलचं तंत्र घेऊन २००७ मध्ये रोबोट गिटार आणली, तेव्हा ज्याला हवी तोच घेत होता. २०१५ मध्ये अमेरिकेत बनणाऱ्या बहुतेक मॉडेलांवर जी-फोर्स ही अशीच मोटरची यंत्रणा बसवूनच दिली. वादक भडकले आणि २०१६ ला साध्या खुंट्यांची मॉडेलं परत आली. सक्ती नको होती, हे मान्य. पण गाण्यागाण्याला ट्यूनिंग बदलणाऱ्याला ही सोय खरंच मोठी आहे, ती तुम्ही सोडू नये.

ड्रॉप डी करताना एक सांभाळा. सहावी तार ८२ वरून ७३ हर्ट्झवर आली की मानेवरचा एकूण ताण कमी होतो आणि बाकीच्या तारा किंचित चढतात. म्हणून फक्त सहावी नाही, सगळ्या परत लावून घ्या. तरंगता ट्रेमोलो, म्हणजे स्प्रिंगवर हलणारा ब्रिज (तारांचं बॉडीवरचं टेकण), असेल तर हे फारच जाणवतं: एक तार हलली की पाचही हलतात, मोटरला फेऱ्यावर फेऱ्या माराव्या लागतात. तुमचा ब्रिज कुठला?

सहावी_तार:
ब्रिज पक्का आहे. पेन्सिल लावली, 'टिंग' गेलं, बेंड केल्यावरही जी जागेवर आहे! पण बाराव्या फ्रेटवर तीच तार चढी वाजते. आणि एव्हरट्यूनचा, सूर धरून ठेवणारा ब्रिज बसवला तर हे सगळंच सुटेल का?

मोकळी_तार:
वा! बाराव्या फ्रेटचं दुखणं इंटोनेशनचं, म्हणजे मोकळी तार सुरात असूनही दाबल्यावर सूर न जुळण्याचं. मोटर मोकळी तारच ऐकते, त्यामुळे ते ती दुरुस्त करणार नाही. चढी वाजते ना, मग जी तारेचं सॅडल (ब्रिजवरचं ती तार टेकते ते तुकडं) स्क्रूने थोडं मागे घ्या, नटपासून लांब. मोकळी तार परत लावा, बारावा फ्रेट तपासा, जुळेपर्यंत असंच. मात्र तारा जुन्या असतील तर आधी नव्या घाला. झिजलेल्या तारेवर इंटोनेशन करण्यात अर्थ नाही.

एव्हरट्यूनमध्ये मोटर नाही. स्प्रिंग तारेचा ताण कायम ठेवते, सूर हलतच नाही. पण बसवायला बॉडी कोरावी लागते, आणि तुमच्यासारखं पटकन ड्रॉप डीत जाणाऱ्याच्या तो कामाचा नाही. आहे तेच ठेवा, कार्यक्रमाआधी बॅटरी पूर्ण चार्ज करा.