देवराईच्या पाचोळ्यात सापडलेला बॉक्स माइट नवीन प्रजाती आहे हे कसं ठरवायचं?

रानपाचोळा:
नमस्कार मंडळी, मी सिंधुदुर्गात एका कॉलेजात झूऑलॉजी शिकवते आणि वेळ मिळेल तसं मातीतल्या माइट्सवर (कोळ्यांच्या नात्यातले अगदी बारीक जीव) काम करते. पाऊस सरल्यावर आमच्या जवळच्या एका देवराईतला कुजका पाला आणि त्याखालची दोन-तीन बोटं माती आणून बर्लीज फनेलला (वरून ऊब देऊन पाल्यातले जीव खाली कुपीत पाडणारं नरसाळं) लावली होती, नेहमीची मंडळी खाली पडलीच, कोलेम्बोला (उड्या मारणारे चिमुकले जीव) वगैरे, पण त्यात ओरिबॅटिडपैकी (माती-पाल्यातल्या माइट्सचा एक मोठा गट) एक बॉक्स माइट (पेटीसारखा मिटणारा) आला जो मला कशातच बसवता येत नाहीये. लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, पाठीवर केसांच्या १५ जोड्या, पोटाकडच्या प्लेट्स रुंद, त्यामुळे फ्थिराकॅरिडी फॅमिली असावी इथपर्यंत येते. पण पाठीवरचे केस जाड आणि कडेने काटेरी आहेत, सेन्सिलस (पुढच्या ढालीवरचा संवेदी केस) अगदी आखूड, आणि पाठीवर खळग्यांची नक्षी आहे. माझ्याकडे असलेल्या कीमध्ये (लक्षणांवरून प्रजाती ओळखायची यादी) अशा जोडणीला कुठेच जागा नाही.
नमुने हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच आहेत. हे नवीन आहे असं म्हणायला नक्की काय काय लागतं, डीएनए केलंच पाहिजे का, नमुने कुठे द्यायचे? मला गाइड नाही, त्यामुळे अगदी पहिल्यापासून सांगितलंत तरी चालेल. हे काम नीट व्हावं अशी मनापासून इच्छा आहे.

कोळीवेडा:
ताई, सगळ्यात आधी अभिनंदन, कारण पाचोळा चाळून फ्थिराकॅरिडीपर्यंत एकट्याने पोचणं सोपं नाही. १५ जोड्या आणि रुंद प्लेट्स म्हणजे फॅमिली बरोबर वाटतेय, युफ्थिराकॅरिडी या जवळच्या फॅमिलीत साधारण १४ जोड्या असतात आणि खालच्या प्लेट्स अरुंद लांबट असतात.
आता मुद्द्याचं. कीमध्ये बसत नाही याचा अर्थ फक्त एवढाच की ती की लिहिणाऱ्यासमोर हा प्राणी नव्हता. तो दुसऱ्या कुणीतरी केरळात, श्रीलंकेत किंवा इंडोनेशियात आधीच वर्णन करून ठेवलेला असू शकतो, आणि मातीतल्या माइट्समध्ये हे फार होतं कारण काही प्रजाती प्रचंड पसरलेल्या आहेत, अ‍ॅक्रोट्रिटिया आर्डुआ तर जवळजवळ जगभर सापडतो आणि त्याचं नाव १८४१ सालचं आहे. जगात ओरिबॅटिडच्या अकरा हजारांच्या घरात प्रजातींची वर्णनं झालीत, त्यामुळे आधी जीनस पक्का करा, मग त्या जीनसमधल्या दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या एकूण एक प्रजातींची मूळ वर्णनं गोळा करा. स्पेनच्या लुईस सुबियास यांची जागतिक यादी २००४ पासून आहे आणि ते ती अपडेट करत आलेत, तिथून सुरुवात करा. बॉक्स माइट्ससाठी पोलंडमध्ये पोझ्नानला व्होइचेख न्येदबावा यांनी जे काम केलंय ते वाचल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही, जगभरातल्या ढीगभर प्रजाती त्यांनी वर्णन केल्यात.
मग एक तक्ता करा. उभ्या ओळीत जवळच्या प्रजाती, आडव्या ओळीत लक्षणं: सेन्सिलसची लांबी आणि आकार, पुढच्या ढालीवरचे केस कुठले उभे कुठले आडवे, पाठीवरच्या केसांची लांबी आणि दोन केसांमधलं अंतर, जेनिटल प्लेटवरचे (जननछिद्रावरच्या झाकणावरचे) केस कसे मांडलेत, पायांवरचे केस. नवीन प्रजातीच्या पेपरात जीव असतो तो या तुलनेत. पुढे कुणाला चिपळूणला किंवा कूर्गला असाच माइट सापडला तर तुमचं वर्णन हातात घेऊन त्याला हो किंवा नाही म्हणता आलं पाहिजे, नाहीतर आपण त्या माणसाचा गोंधळ वाढवून ठेवतो आणि तो निस्तरायला पुढच्या कुणाची तरी वर्षं जातात.
आणि नमुने वाढवा. प्राण्यांच्या नावांच्या नियमांनुसार एका होलोटाइपवर (नावाचा आधार म्हणून ठरवलेला एकच नमुना) प्रजाती उभी राहते, पण एकाच नमुन्यावरून केसांची लांबी ही प्रजातीची की त्या एका जिवाची हे कसं कळणार? कधीकधी एकाच माइटच्या डाव्या बाजूला एक केस कमी असतो. रंगावर तर अजिबात जाऊ नका, नुकतीच कात टाकलेला प्रौढ फिकट असतो. त्याच देवराईत परत जा आणि पाल्याबरोबर जमिनीवर पडलेल्या कुजक्या काटक्या आणा, काळजीपूर्वक उभ्या चिरा, कारण या फॅमिलीची पिल्लं काटकीच्या आतच पोखरत वाढतात आणि ती फनेलमधून सहसा खाली येत नाहीत. पिल्लांचं वर्णन मिळालं तर तुमच्या पेपरचं वजन कितीतरी वाढेल, बहुतेक प्रजातींचे फक्त प्रौढच माहीत आहेत.

सातबारा:
वरचं सगळं शास्त्राचं झालं, मी कागदपत्रांचं सांगतो कारण यात चांगली कामं अडकलेली पाहिलीत. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात वनोपजाची जी व्याख्या आहे त्यात जंगलातली वरची माती आणि पालासुद्धा येतो. म्हणजे राखीव वनातून पिशवीभर पाचोळा उचलायचा तरी वनखात्याची लेखी परवानगी हवी, आणि अभयारण्य असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांची. देवराईचं आणखी वेगळं, जमीन कुठे वनखात्याची, कुठे महसूलची, कुठे देवस्थानची तर कुठे खाजगी. आधी सातबारा बघा मग कुणाकडे अर्ज करायचा ते ठरेल. आणि कागदावर काहीही असो, गावाला आणि गुरवांना विचारल्याशिवाय देवराईतली काटकीसुद्धा उचलू नका, त्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलं म्हणून तर तो माइट तिथे आहे.
दुसरं म्हणजे २००२ चा जैविक विविधता कायदा, कलम ३९. नवीन टॅक्सॉन (प्रजाती किंवा तसा गट) सापडला की सरकारने नेमलेल्या रिपॉझिटरीला (नमुने सांभाळणारी संस्था) कळवायचं आणि व्हाउचर (पुराव्याचे) नमुने तिथे जमा करायचे. प्राण्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण म्हणजे झेडएसआय आहे, मुख्यालय कोलकाता, आपल्याला जवळचं केंद्र पुण्यात आकुर्डीला. पोलंडला वगैरे नमुना पाठवायचा विचार असेल तर आधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम बघा, ते चेन्नईला आहे. तोपर्यंत फोटो आणि रेखाटनं मेलने पाठवून मत घेता येतं.

रानपाचोळा:
किती मनापासून लिहिलंत दोघांनीही, खूप आभार. गुरवांची परवानगी होती पण लेखी काही नाहीये, ते आता आधी करते. काटक्यांचं तर मला माहीतच नव्हतं. एक अडचण अशी की अल्कोहोलमध्ये गेल्यावर सगळे माइट पेटी बंद केल्यासारखे मिटून बसलेत, पाय दिसतच नाहीत. आणि डीएनएचं कुणी सांगेल का?

कव्हरस्लिप:
मिटलेला बॉक्स माइट उघडायचा असेल तर लॅक्टिक अ‍ॅसिडमध्ये ठेवा, काही दिवस राहू द्या, घाई असेल तर अगदी थोडी ऊब द्या, उकळू नका, पार विरघळल्यासारखा मऊ होतो आणि मग हातातून जातो. पारदर्शक झाला की दोन बारीक सुयांनी पुढची ढाल बाजूला करायची आणि पाय सोडवायचे, हे फक्त एक-दोन नमुन्यांवर करा, होलोटाइपला सुई लावू नका.
बघायची पद्धत फ्रान्सचे माइटतज्ज्ञ ग्राँजाँ यांनी घालून दिली तीच आजही उत्तम आहे: खळगा असलेली स्लाइड, त्यात लॅक्टिक अ‍ॅसिड, वर अर्धवट झाकणारी कव्हरस्लिप, आणि ती हळूच सरकवली की माइट आत गडगडत फिरतो, हवी ती बाजू समोर आणता येते. आपण केसांना जी अक्षरं आणि आकडे देतो ती पद्धतही मुळात त्यांचीच. सपाट स्लाइडवर दाबून बसवलात तर बॉक्स माइटचा आकारच जातो, आणि होयर्स मीडियम (स्लाइडवर नमुना बसवायचं द्रावण) कोकणातल्या दमट हवेत पाणी ओढतं, कडा सील केल्या नाहीत तर स्लाइड खराब होते. म्हणून टाइप नमुने (होलोटाइप आणि त्याच्या सोबतचे) ७० ते ७५ टक्के अल्कोहोलमध्ये छोट्या कुपीत ठेवलेले बरे, आणि आत लेबल पेन्सिलने किंवा न विरघळणाऱ्या शाईने.
रेखाटनं हाताने करा, कॅमेरा ल्युसिडा (मायक्रोस्कोपमधलं दृश्य कागदावर गिरवू देणारं उपकरण) असेल तर सोन्याहून पिवळं. फोटो कितीही सुंदर आला तरी त्यात एका वेळी एकच पातळी फोकसमध्ये असते, रेखाटनात तुम्ही सगळ्या पातळ्या एकत्र आणता आणि प्रत्येक केस कुठून निघतो हे तुम्हाला ठरवावंच लागतं, त्यातूनच माइट कळतो. प्रत्येक चित्राला स्केल बार हवाच.
डीएनए सक्तीचं नाही. सीओआय या जनुकाचा ६५८ बेसचा बारकोड (प्रजाती ओळखायचा डीएनएचा तुकडा) मिळाला तर छान, पण जुळवायला शेजारच्या प्रजातींचे सिक्वेन्सच नसतील तर एकट्या बारकोडवरून काही सिद्ध होत नाही. करायचं असेल तर कातडी शाबूत राहील अशा पद्धतीने डीएनए काढून घ्या, म्हणजे तोच नमुना नंतर बघता येतो. त्यासाठी पुढच्या खेपेला थोडे माइट अ‍ॅब्सोल्यूट अल्कोहोलमध्ये वेगळे ठेवा.

कोळीवेडा:
आणखी थोडं राहिलं. छापताना नावापुढे नवीन प्रजाती असल्याचं स्पष्ट लिहायचं, होलोटाइप कुठला आणि तो कुठल्या संग्रहात आहे हेही, २००० पासून त्याशिवाय नाव ग्राह्य धरत नाहीत. फक्त ऑनलाइन निघणारं जर्नल असेल तर झूबँक या प्राणीनामांच्या नोंदवहीतली नोंदणी आणि ती पेपरातच छापलेली हवी. जर्नलांत झूटॅक्सा आहे, अ‍ॅकॅरोलॉजिया आहे, अ‍ॅकॅरोलॉजिया तर लेखकाकडून पैसेही घेत नाही.
ठिकाणाची नोंद मात्र आत्ताच करून ठेवा, जीपीएस, उंची, कुठल्या झाडाखालचा पाला, किती खोल. मी हे कळकळीने सांगतोय कारण हल्ली देवळाचा जीर्णोद्धार निघाला की आवारात फरशी घालतात, पाला झाडून जाळतात, आणि झाडं जागेवर असली तरी खालचा थर संपतो. गुरवांना एकदा मायक्रोस्कोपखाली तो माइट दाखवा, कमिटीच्या लोकांनाही बोलवा. काटक्या आणायला जाल तेव्हा फरशीच्या कामाची काही चर्चा आहे का तेही विचारून घ्या, आणि असेल तर आधी झेडएसआयला पत्र टाका, पेपर मागाहून होईल.