ओपन सोर्स समुदायाचा अभ्यास: पद्धत कशी लिहायची, काय जाहीर करायचं, काय नाही?

खारघर_सेक्टर१२

नमस्कार मंडळी,

मी समाजशास्त्रात एम.ए. करते आहे. लघुप्रबंधाला विषय घेतलाय मुक्त (ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना उघडा असतो अशा) सॉफ्टवेअरचं मराठीकरण करणाऱ्या लोकांचा. केडीई, ग्नोम (लिनक्सवरचे डेस्कटॉप) आणि फायरफॉक्स ब्राउझरमध्ये जे मराठी दिसतं ते बहुतेक वेळा कुणीतरी पगाराशिवाय, रात्री जेवणं आटपल्यावर बसून केलेलं असतं. हे लोक काम कसं वाटून घेतात, नवखा माणूस कशामुळे टिकतो आणि वर्षानुवर्षं राबलेला एखादा अचानक दिसेनासा का होतो, एवढं मला शोधायचंय.

माझ्या मार्गदर्शक बाईंनी उरण-पनवेलच्या मच्छीमार गावांत बरीच वर्षं काम केलंय. मुलाखत कशी घ्यावी हे त्यांच्याकडूनच शिकावं. पण गिट (कुणी कधी काय बदललं याची नोंद ठेवणारी प्रणाली), बग ट्रॅकर (त्रुटी नोंदवायची जागा), मेलिंग लिस्ट हा प्रांत त्यांना नवा आहे. त्यांची अट एकच: पद्धतीचं प्रकरण असं लिही की उद्या दुसऱ्या विद्यापीठातली मुलगी त्याच वाटेनं गेली तर तुझं कुठं बरोबर, कुठं चूक हे तिला तपासता आलं पाहिजे.

आतापर्यंत मी रिपॉझिटरी (प्रकल्पाच्या फाइली आणि त्यांचा इतिहास) उतरवून घेतल्या आणि गिट लॉगमधून नावं मोजली. जुन्या मेलिंग लिस्ट उघड्यावरच आहेत, त्याही वाचतेय. मुलाखती अजून सुरू व्हायच्यात.

कमिट (नोंदवलेले बदल) मोजून ‘कोण किती काम करतं’ असं म्हणता येतं का? सार्वजनिक पत्रं वापरायला विचारावं लागतं का? आणि मला सगळा डेटा, मुलाखतींसकट, जाहीर ठेवायचाय. ओपन सोर्सवर अभ्यास करायचा आणि आपलं काम मात्र कुलपात ठेवायचं, हे मला पटत नाही. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी आपली पद्धत सांगावी.

ऐरोली_नाइटशिफ्ट

मोजणीचं मी सांगतो, माणसांचं इतर सांगतील.

आधी डेटा गोठवा. ‘अमुक तारखेला उतरवला’ एवढं लिहून भागत नाही, कारण गिटमध्ये इतिहास मागाहून बदलता येतो, शाखा पुसता येतात. जिथपर्यंत मोजलंत त्या शेवटच्या कमिटचा हॅश (गिटनं त्या बदलाला दिलेली खूण) लिहा. फ्रान्सच्या इन्रिया या संशोधन संस्थेनं २०१६ मध्ये जाहीर केलेल्या सॉफ्टवेअर हेरिटेज या संग्रहात ती रिपॉझिटरी आहे का बघा, नसेल तर जतन करायची विनंती टाका. तिथं प्रत्येक गोष्टीला कायमचा ओळखक्रमांक मिळतो, तो प्रबंधात द्या.

मग ऑथर (बदल लिहिणारा) आणि कमिटर (तो नोंदवणारा) वेगळे धरा. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) माणूस पॅच, म्हणजे केलेला बदल, ईमेलनं पाठवतो आणि मेंटेनर (तो भाग सांभाळणारा) तो मुख्य कोडमध्ये घेतो. गिट दोघांचीही नावं आणि तारखा ठेवतं. पण जुने प्रकल्प सीव्हीएस किंवा सबव्हर्जन या गिटच्या आधीच्या प्रणालींवरून गिटवर आलेत. तिथं फक्त कमिट करणाऱ्याचं नाव होतं. ज्यानं पॅच लिहिला तो असलाच तर संदेशातल्या ‘अमुकचे आभार’ एवढ्या ओळीत सापडतो. स्क्वॉश मर्जमध्येही अनेकांची कमिट एकत्र होऊन एकाच्याच नावावर बसतात. कमिटच्या संदेशातल्या ‘को-ऑथर्ड-बाय’ (सहलेखक) या ओळी वेगळ्या काढाव्या लागतात.

एका माणसाचे तीन-चार ईमेल असतातच: कॉलेजचा, नोकरीचा, घरचा. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदललेली बाई तर यादीत दोन वेगळ्या व्यक्ती होते, आणि तुमच्या तक्त्यात पहिली ‘सोडून गेली’ व दुसरी ‘नवी आली’ असं दिसतं. तुमचा प्रश्नच कोण टिकलं हा असल्यामुळे हे फार महागात पडेल. गिटमध्ये यासाठी मेलमॅप नावाची फाइल करतात, कुठला पत्ता कुणाचा ते त्यात लिहायचं. नावांनुसार कमिट मोजणारी गिटची शॉर्टलॉग ही आज्ञा ती वाचूनच मोजते.

यंत्रं वगळा. केडीईत स्क्रिप्टी म्हणून एक स्क्रिप्ट आहे, ती भाषांतराच्या फाइलींत स्वतःच कमिट करत असते. ती तुमच्या यादीत वर आली असेल तर आश्चर्य नाही. आणि टाइमझोनवरून देश ठरवू नका. +०५३० भारताचा तसा श्रीलंकेचाही, आणि सर्व्हरवरून काम करणारा युटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) दिसतो.

पेर्सेव्हल हे साधन मेलिंग लिस्ट, गिट, बग ट्रॅकर सगळ्यांतून एकसारखा डेटा काढतं, तुमच्या कामाचं आहे. मोजमापांच्या व्याख्यांसाठी केऑस प्रकल्प बघा, लिनक्स फाउंडेशनखाली २०१७ पासून चालतो. ‘नवा योगदानकर्ता’ म्हणजे नेमकं कोण, यावरही तिथं चर्चा करून लिहिलंय. तुमची व्याख्या वेगळी असली तरी चालेल, फक्त कुठं वेगळी ते सांगा. स्क्रिप्ट आवृत्तीक्रमांकासकट जाहीर ठेवा.

नौपाडा_भाषांतर

तू ज्यांचा अभ्यास करणार आहेस त्यांच्यातलीच मी एक. दिवसा वागळे इस्टेटमध्ये नोकरी, संध्याकाळी भाषांतर आणि इतरांचं भाषांतर तपासणं, असं बरीच वर्षं चाललंय. विद्यार्थिनी आहेस म्हणून अरेतुरे करते, राग मानू नकोस.

वरच्यांनी सांगितलंय ते सगळं बरोबर आहे, पण भाषांतराच्या बाबतीत त्याच्याही आधी एक काम आहे. प्रत्येक प्रकल्पात माणसाचं नाव कुठं ठेवलेलं असतं ते शोधून त्याचा तक्ता कर. केडीईची भाषांतरं अजून सबव्हर्जनमध्ये आहेत आणि कमिट करायचा अधिकार समन्वयकाकडे असतो. पाच जणांनी महिनाभर काम केलं तरी लॉगमध्ये एकच नाव. ती पाच नावं पीओ फाइल (मूळ वाक्यं आणि त्यांचं भाषांतर असलेली फाइल) उघडलीस की अगदी वर, # या चिन्हानं सुरू होणाऱ्या ओळींत दिसतील: नाव, ईमेल, वर्ष. त्याच्याखाली ‘लास्ट ट्रान्सलेटर’ असतं, त्यावर भरवसा ठेवू नकोस. कुणी एक स्वल्पविराम दुरुस्त केला तरी तिथलं नाव बदलतं आणि आधीचा माणूस तिथून पुसला जातो. फायरफॉक्सचं आणखी वेगळं. तिथं काम पोंटून या भाषांतराच्या संकेतस्थळावर होतं, कमिट पोंटूनच करतं आणि भाषांतरकारांची नावं कमिटच्या संदेशात सहलेखक म्हणून येतात. तुझ्या मोजणीत ‘ऑथर’ हा एकच रकाना असेल तर या दोन प्रकल्पांत तू दोन वेगळ्याच गोष्टी मोजल्यास.

तपासणी तर मोजणीत येतच नाही. नव्या मुलाला पीओ फाइलमधली अनेकवचनाची ओळ कशी लिहायची ते फोनवर समजावणं, त्यानं पाठवलेली फाइल वाचून सौम्य शब्दांत परत पाठवणं, तो पुन्हा लिहील असं बघणं. आमच्या गटात नवखी माणसं टिकली ती यामुळे, असं माझं मत आहे. त्याचा कुठल्याच लॉगमध्ये मागमूस नाही. कमिटची यादी म्हणजे मस्टरवरच्या सह्या. तेवढंच वाचून कामाचा हिशेब मांडू नकोस, एवढी विनंती.

प्रश्नावली पाठवणार असशील तर ऐक. काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठातून आम्हाला सर्वेक्षण आलं होतं. ‘तुम्ही हे का करता’ याला पर्याय होते नोकरीची संधी, नवं शिकणं, मजा, विचारसरणी. मी सुरुवात केली ती माझी बहीण शहापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होती आणि तिच्या वर्गातल्या संगणकावर मुलांना वाचता येईल असा मेनू हवा होता म्हणून. हे लिहायला जागाच नव्हती. ‘इतर’ सुद्धा नव्हतं. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी वेळ काढून तो फॉर्म भरला. पुढे त्याचं काय झालं ते आजतागायत कळलेलं नाही. निष्कर्ष नाही, प्रबंधाची प्रत नाही, दोन ओळींचं पत्र नाही. त्यानंतर गटात कुणीही सर्वेक्षणाचा दुवा टाकला की लोक गप्प बसतात. तुला मुलाखती मिळायला वेळ लागला तर त्याचं कारण हे आहे. म्हणून प्रश्न आधी मोकळे ठेव, दोघातिघांवर वापरून बघ आणि मगच पर्याय ठरव. पद्धतीच्या प्रकरणात हेही लिही की निष्कर्ष समुदायाकडे कधी आणि कोणत्या भाषेत परत जाणार.

गेलेल्या माणसांना शोध. पीओ फाइलींच्या वरच्या ओळींतली वर्षं बघितलीस की कुणाचं नाव कधी थांबलं ते कळेल. आत्ता गटात आहेत त्यांनाच विचारलंस तर ‘लोक का जातात’ याचं उत्तर राहिलेल्यांच्या तोंडून येईल, आणि ते उत्तर आम्ही स्वतःची समजूत काढण्यासाठी तयार केलेलं असतं.

परवानगीचं. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी लिनक्स कर्नलला मुद्दाम दोष असलेले पॅच पाठवून तपासणारे ते पकडतात का हे पाहिलं होतं. विद्यापीठाच्या समितीनं हे माणसांवरचं संशोधन नाही असं ठरवलं होतं. एप्रिल २०२१ मध्ये कर्नलचे एक मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारं योगदानच बंद केलं, आणि तो शोधनिबंध परिषदेतून मागे घेतला गेला. कर्नलच्या मेंटेनरांना राग आला तो आपला वेळ आणि विश्वास न विचारता वापरला म्हणून. तुझं काम तसलं अजिबात नाही. पण समितीचा कागद मिळाला म्हणजे समुदायाची संमती मिळाली असं होत नाही, हे त्यावरून दिसतं.

जुनी पत्रं वाचायला कुणाची ना नाही. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही माणसानं स्वतः जाहीर केलेली माहिती कक्षेबाहेर ठेवलीय. पण पत्रातलं वाक्य जसंच्या तसं छापलंस की ते शोधून माणूस लगेच सापडतो. मराठीकरण करणारे आहेत किती? नाव काढून ‘एक ज्येष्ठ समन्वयक’ लिहिलंस तरी आम्हा सगळ्यांना कळेल कोण. त्यामुळे वाक्य हवंच असेल तर त्या माणसाला दाखवून विचार, नाहीतर आशय तुझ्या शब्दांत लिही. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्राम गटात येणार असशील तर पहिल्याच दिवशी सांग की तू संशोधन करते आहेस. मुलाखतींचं ध्वनिमुद्रण आणि उतारे जाहीर करू नकोस. कुणी तुला सांगेल की नोकरी गेल्यावर भाषांतर सोडलं, कुणी सांगेल की अमक्याशी पटत नव्हतं. ते तुला सांगितलेलं असतं, जगाला नाही. आणि हो, आयटी पार्कमधल्या माणसाला त्याच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये मुलाखतीला बसवू नकोस. शेजारच्या टेबलावर त्याचा मॅनेजर असतो.

वाशी_निवृत्त_प्राध्यापक

नौपाड्याच्या ताईंशी मी सहमत आहे. एवढंच जोडतो की मुलाखती झाकून ठेवल्या म्हणजे पद्धत झाकली जात नाही. प्रश्नांची मार्गदर्शिका जाहीर ठेवा, संमतिपत्राचा मसुदा ठेवा आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कोडबुक ठेवा, म्हणजे कुठल्या मजकुराला कोणता कोड (वर्गाचं नाव) द्यायचा त्याच्या व्याख्यांची यादी.

उदाहरण देतो. मेलिंग लिस्टवर कुणी लिहिलं, ‘ही फाइल पुन्हा एकदा बघावी.’ ही टीका, मदत की अधिकाराची आठवण? तुम्ही एक ठरवाल, दुसरा वाचक दुसरं ठरवेल. म्हणून त्याच पत्रांचा एक भाग मैत्रिणीला द्या, तिनं स्वतंत्रपणे कोड लावावेत आणि मग ताळा करावा. योगायोगानं जमणारं मतैक्य वजा करून उरलेलं मोजायला कोहेनचा कप्पा १९६० पासून वापरात आहे. आकडा कमी आला तर कोडची व्याख्या सुधारा, आणि जुनी व्याख्या खोडू नका. कोडबुकच्या सगळ्या आवृत्त्या तारखेसकट गिटमध्येच ठेवा.

मोजणी आणि माणसं एकत्र कशी आणावीत याचा जुना नमुना अपाचे वेब सर्व्हरवरचा आहे. मोकस, फील्डिंग आणि हर्ब्सलेब यांनी त्यात दाखवलं की कोड देणारे सुमारे ४०० लोक असले तरी पहिल्या १५ जणांकडूनच ८० टक्क्यांहून जास्त बदल येत होते. त्रुटी कळवणारे मात्र तीन हजारांच्या घरात होते. त्यातले फील्डिंग स्वतः अपाचेच्या गाभ्यातले. म्हणजे बाहेरच्याची मोजणी आणि आतल्याची नजर एकाच निबंधात होती. दुसऱ्या टोकाला गॅब्रिएला कोलमन. त्यांनी डेबियन या लिनक्स प्रकल्पाच्या लोकांत वावरून, त्यांच्या संमेलनांना जाऊन, आयआरसीवर (इंटरनेटवरच्या गप्पांच्या जुन्या माध्यमावर) बसून मानववंशशास्त्राच्या अंगानं काम केलं. तुमच्या मार्गदर्शक बाईंना ते जवळचं वाटेल, आधी ते वाचायला द्या.

खारघर_सेक्टर१२

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘नाव कुठं असतं’ हा तक्ता आता पहिल्या प्रकरणातच घेते. मुलाखती जाहीर करायचा विचार सोडला. स्क्रिप्ट, हॅश, प्रश्नमार्गदर्शिका, संमतिपत्र आणि कोडबुक एवढं झेनोडो या संशोधन-संग्रहात ठेवेन, म्हणजे त्याला डीओआय (कायमचा ओळखक्रमांक) मिळेल. पण एक शंका राहते. मेलमॅपशिवाय माझी मोजणी कुणाला पडताळता येणार नाही, आणि त्या फाइलमध्ये तर लोकांचे सगळे ईमेल शेजारी शेजारी येतात. लग्नाआधीचं नावसुद्धा.

ऐरोली_नाइटशिफ्ट

जाहीर प्रतीत नाव आणि पत्त्याऐवजी ‘व्यक्ती ०७’ असे क्रमांक टाका, पण ईमेलचा नुसता हॅश (ठरलेल्या सूत्रानं काढलेली सांकेतिक खूण) करून देऊ नका. गिट लॉगमधले पत्ते घेऊन कुणीही तोच हॅश काढून जुळवू शकतं. खरी फाइल मार्गदर्शकांकडे ठेवा आणि पडताळणीसाठी कुणी मागितली तर कोणत्या अटींवर द्यायची ते प्रबंधात लिहा. तेवढ्यावर परीक्षकांचं समाधान व्हायला हरकत नाही.

नौपाडा_भाषांतर

आणि कुठले पत्ते एकाच माणसाचे हे तू एकटीनं ठरवू नकोस. ज्याची त्याची जोडी ज्याला त्यालाच विचार. एखादीला जुनं नाव नव्याशी जोडायचं नसेल, तर तिला दोन माणसं म्हणून मोजलंय असं लिही आणि त्यानं आकड्यात काय फरक पडतो तेही लिही. गटात विचारायला मी तुझी ओळख करून देईन. आधी तुझं संमतिपत्र मराठीत लिहून इथं टाक, सगळे मिळून वाचू.