चार्टवरच्या दोन पट्ट्यांच्या मधली जागा : तुमचे अनुभव सांगा

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहत) एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये ११ वर्षं प्लॅनिंग बघतोय. गँट चार्ट (प्रत्येक कामाची तारखांवर आखलेली पट्टी), पर्ट (तीन अंदाजांवरून कामाचे दिवस काढायची पद्धत), क्रिटिकल पाथ (उशीर झाला की सगळंच लांबवणारी कामांची साखळी) सगळं शिकून आलो. आशावादी दिवस + संभाव्य दिवसांची चौपट + निराशावादी दिवस, या बेरजेला भागिले ६ : हे सूत्र लिहून पूर्ण मार्क मिळवले होते. इथे तारीख आधी ठरते, आणि हे तीन आकडे मागाहून तिच्यात बसवावे लागतात.

गेल्या वर्षीचं एक प्रेशर व्हेसल (दाबाखाली चालणारी टाकी) सांगतो. ड्रॉइंग अप्रूव्हलला ७ दिवस धरले होते, लागले २६. वेल्डिंग ठरल्या दिवशी पुरं झालं. आमच्या वेल्डरांनी उन्हाळ्यात, पत्र्याखाली, रात्रपाळ्या करून केलं. पुढे रेडिओग्राफी, म्हणजे वेल्डिंगच्या जोडांची एक्स-रेसारखी तपासणी. किरणांमुळे आजूबाजूची माणसं हलवावी लागतात, म्हणून ती आमच्याकडे रात्रीच होते. त्या आठवड्यात एजन्सीची माणसं दुसऱ्या साइटवर अडकली आणि व्हेसल चार रात्री रोटेटरवर (ते फिरवायच्या रोलरवर) तसंच पडून राहिलं. हायड्रोटेस्टला (पाण्याच्या दाबाची चाचणी) पाणी भरून, गेज लावून बसलो, तर इन्स्पेक्टर तिसऱ्या दिवशी आले. एलडी (उशिराचा दंड) आठवड्याला अर्धा टक्का कापला गेला. आणि मीटिंगमध्ये बोलणी कोणी खाल्ली? वेल्डिंगच्या फोरमननं.

कामाचे दिवस चुकले नव्हते, चुकले ते दोन कामांच्या मधले. चार्टवर तिथं कोरा कागद असतो. तुमच्याकडे किती धरले, किती गेले, आकड्यांसकट लिहा.

सॉफ्टवेअर, अलकापुरी
ट्रेनिंगमध्ये शिकवलं की स्टोरी पॉइंट म्हणजे कामाचा अवघडपणा, दिवस नव्हेत. तिसऱ्या स्प्रिंटला (कामाचा ठराविक मुदतीचा टप्पा) मॅनेजरनं एक पॉइंट म्हणजे अर्धा दिवस असा तक्ता फिरवला. तेव्हापासून टीममध्ये ३ च्या जागी ५ सांगतात. मीही सांगते, आणि मला ते मनापासून आवडत नाही. तुमच्या कोऱ्या जागेचं म्हणाल, तर क्लायंटच्या टेस्ट सर्व्हरचा पासवर्ड यायला ९ दिवस गेले. काम दीड दिवसाचं होतं.

बांधकाम साइट, वाघोडिया रोड
दाहोद-पंचमहालकडचे मजूर होळीला गावी जातात, हे बडोद्यात शाळकरी पोरालाही माहीत. तरी हेड ऑफिसच्या वेळापत्रकात होळीची सुट्टी एक दिवस आणि तिसऱ्या दिवशी स्लॅब! माणसं परतली सतराव्या दिवशी. मुकादमाला आधी विचारलं असतं तर तो म्हणालाच असता, आणि नंतर म्हणालाही, "पंदर दहाडा तो गणो ज, साहेब" (पंधरा दिवस तरी धराच). त्याला कोणी विचारलंच नव्हतं. आता मी वेळापत्रक पाठवण्याआधी त्याच्याबरोबर चहाला बसतो.

खरेदी विभाग
व्हेंडरचा "थई जशे" (होऊन जाईल) मी कधीच तारीख म्हणून लिहीत नाही. माल गाडीत चढल्याचा फोटो मागते.

निवृत्त, निझामपुरा
मी निम्माच सहमत. क्रिटिकल पाथ १९५७ च्या सुमारास ड्यू पाँटमध्ये कारखान्यांची बांधणी आणि देखभाल यांसाठीच तयार झाला, आणि आमच्या प्लँटच्या शटडाऊनला (दुरुस्तीसाठी प्लँट बंद ठेवायचा काळ) तो चोख चालायचा. २१ दिवसांचं वेळापत्रक आम्ही तासांत लिहायचो. गॅस्केट, बोल्ट, ब्लाइंड (पाइप बंद करायच्या चकत्या) महिनोनमहिने आधी स्टोअरमध्ये मोजून ठेवलेले. सकाळी वर्क परमिट (काम सुरू करायची लेखी परवानगी) मिळायला दोन तास जायचे, ते आम्ही स्वतंत्र ओळ म्हणून धरायचो, पुढे परमिट देणाऱ्याचं नाव. वाट बघणं हेही कामच आहे, बाबा. ते लिहा.

धागाकर्ता
काका, सोमवारी तेच केलं. नव्या ऑर्डरच्या चार्टमध्ये अप्रूव्हल, रेडिओग्राफी एजन्सी, इन्स्पेक्शन या तिन्ही ठिकाणी "वाट" अशी ओळ घातली, समोर माणसाचं नाव. ९ आठवड्यांचे १३ झाले. शेठनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, हा ग्राहकाला पाठवू नकोस. ग्राहकाकडे ९ चाच गेला. १३ चा मी शॉपवर फोरमनच्या टेबलामागे चिकटवलाय.