केडगावात खिळेही जुळवले जात
ख्रिस्ती मिशनच्या आश्रमांत प्रार्थना आणि दोन वेळचं जेवण यापलीकडे काय मिळतं, असं काही जण विचारतात. धर्मांतराचा आक्षेप जुनाच, 1893 मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदन या विधवा-मुलींच्या शाळेतून पालकांनी मुली काढून नेल्या त्या त्यावरूनच. पण रमाबाईंचंच पुण्याजवळच्या केडगावचं मुक्ती मिशन नुसतं अन्नछत्र नव्हतं. दुष्काळातून आणलेल्या मुली तिथे हातमाग चालवत, छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, जुळवत. रमाबाईंनी भाषांतर केलेलं मराठी बायबल तिथेच छापलं गेलं. अत्याचार सोसलेल्या बायकांसाठी वेगळं कृपासदन होतं, आणि तेव्हा अशा बाईला माहेरही दारात उभं करत नसे!

आता मात्र कुठल्याच आश्रमाला परस्पर मूल ठेवून घेता येत नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे 24 तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. घरी परत पाठवायचं का, तेही समितीच ठरवते.