सणांच्या रेकॉर्ड: आधी सुई बघा

वर एका ताईंनी विचारलंय की आजोबांच्या पेटीतल्या गणपती-दिवाळीच्या रेकॉर्डचं डिजिटायझेशन करून सगळ्यांना पाठवू का. जरूर करा, पण आधी रेकॉर्ड प्लेअरची सुई बघा. ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) लाखेच्या तबकडीची खाच एलपीपेक्षा, म्हणजे नंतरच्या विनाइल प्लास्टिकच्या रेकॉर्डपेक्षा, जवळजवळ तिप्पट रुंद असते. एलपीची सुई तिच्या तळाशी घासते आणि नुसती खरखर ऐकू येते. ७८ साठी सुमारे ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वेगळी सुई लागते. आणि लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नका, लाख त्यात विरघळते! (विनाइलचं तसं नाही.)

पहिली प्रत वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये (आवाजातलं काहीही न गाळणारे फाइल-प्रकार) ठेवा, खरखर न काढता. आवाज साफ करण्याच्या नादात सनईचा श्वास, झांजांची धार निघून जाते, आणि ती परत येत नाही. लेबलचा फोटो आणि मधल्या गुळगुळीत भागावर कोरलेला क्रमांकही जपा.

हक्कांबद्दल: आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रण प्रकाशित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं संरक्षित असतं. म्हणजे १९६० ची रेकॉर्ड २०२० संपताच मोकळी झाली. मात्र गीतकार-संगीतकारांचा हक्क वेगळा, त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. रामदासांच्या आरतीचे शब्द सर्वांचेच, पण तिला लावलेली नवी चाल तशी असेलच असं नाही.

पेटीत ७८ किती आणि एलपी किती, ते कळवाल का? लेबलांचे फोटो टाकलेत तर क्रमांकांवरून यादी लावायला मी बसेन.